उन्हाळी सुट्टीतील अंदमान सहलींविषयी : पुण्यातील सहल-आयोजकांना खुले पत्र

पुण्यातील सर्व सहल-आयोजक, सहल-व्यवस्थापक आणि मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

जानेवारी उजाडला की वर्तमानपत्रांतून तुमच्या उन्हाळी सहलींच्या जाहिराती यायला लागतात आणि त्यांत काश्मीर, हिमाचल, केरळ यांच्या बरोबरीने अंदमान हमखास असते. ते असावेच. मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलसाठी. सावरकरांच्या कोठडीच्या दाराशी चपला काढून, डोळे पुसत उभी राहिलेली आपली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना तिथवर सुखरूप नेऊन आणण्याचे काम तुम्ही कित्येक वर्षे नीट करीत आला आहात. हे पत्र सहलीच्या उरलेल्या दिवसांविषयी आहे, म्हणजे जेल पाहून झाल्यावर बोटीने बेटांवर जाऊन प्रवाळ पाहण्याचे जे दोन-तीन दिवस असतात त्यांविषयी, आणि त्यातही एप्रिल-मे महिन्यांतल्या सहलींविषयी. माझी विनंती एकच आहे. समुद्राचे पाणी तापून प्रवाळ आजारी पडत असल्याचा इशारा ज्या काळात लागू असेल, त्या काळात आपल्या प्रवाशांना प्रवाळांवर उतरवू नका, आणि ही अट सहलीच्या माहितीपत्रकातच छापा.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. ओहोटीच्या वेळा पाहून पहाटे विद्यार्थ्यांना घेऊन रत्नागिरी-मालवणच्या खडकाळ किनाऱ्यांवर उतरणे हा माझ्या नोकरीतला सर्वांत आनंदाचा भाग होता. अंदमानला मी दोनदा गेले. पहिल्यांदा सहकाऱ्यांबरोबर अभ्यासासाठी, आणि दुसऱ्यांदा २०१६ च्या एप्रिलअखेरीस बहिणीच्या कुटुंबासोबत, पुण्याहून निघालेल्या एका सहलीतून. जे सांगायचे आहे ते या दुसऱ्या खेपेचे आहे.

छातीइतक्या पाण्यात आमच्या गटातली वीस-बावीस माणसे लाइफ जॅकेट आणि हवा भरलेली कडी घालून उतरली होती. बहुतेकांना पोहता येत नव्हते. तोंडात नळी धरून श्वास घेताना खारे पाणी नाकातोंडात गेले की माणूस घाबरतो आणि पायाखाली काहीतरी शोधतो. त्यात त्याचा दोष नाही. माझ्या शेजारच्या बाई अशाच घाबरल्या, तेव्हा त्यांचा हात धरलेल्या स्थानिक मुलाने त्यांना समोरच्या दगडावर उभे राहायला सांगितले आणि त्या उभ्या राहिल्या. तो दगड नव्हता. पोराइट्स या प्रवाळाचा तो पाण्याच्या पिंपाएवढा गोल गोळा होता. असा गोळा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर उंचीचा गोळा हा शंभरेक वर्षांचा जीव असतो. सेल्युलर जेलमध्ये राजबंदी कोलूला जुंपले जात होते त्या काळात हा गोळा बोराएवढा असेल. आदल्याच दिवशी कोठडीपुढे हात जोडलेल्या त्या बाईंचे रबरी बूट त्यावर घसरत होते, आणि जिथे घसरत होते तिथून सायीसारखा पातळ पापुद्रा सुटून पाण्यात विरत होता.

आणि तो गोळा पांढरा होता. आसपासची सांबरशिंगांसारखी फुटलेली प्रवाळेही फिकट निळसर, पिवळट, काही तर मिठासारखी पांढरी पडली होती. बोटीवर परत आल्यावर सगळे त्या पांढऱ्या रंगाचेच कौतुक करीत होते. कोणी संगमरवर म्हणाले, कोणी बर्फ. मार्गदर्शकानेही तो रंग म्हणजे त्या जागेचे खास वैशिष्ट्य असल्याचे सांगितले. मी प्राणिशास्त्राची प्राध्यापिका, मला ते काय आहे हे कळत होते, आणि तरीही सहलीच्या आनंदात विरजण नको म्हणून मी गप्प राहिले. ते गप्प राहणे मला अजून डाचते.

प्रवाळ हा प्राणी आहे हे शाळेत सगळेच शिकतात आणि विसरतात. टाचणीच्या माथ्यापासून करंगळीच्या नखापर्यंतच्या आकाराचे, मऊ, तोंडाभोवती शुंडके असलेले हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या खाली चुन्याचा सांगाडा घालीत जातात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा, काही जातींत गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, प्रवाळाला मिळतो. प्रवाळाचा रंगही बराचसा या शैवालाचाच असतो. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. तापलेल्या शैवालापासून प्रवाळाच्या पेशींना इजा होऊ लागते, प्रवाळ त्याला बाहेर टाकतो, आणि पारदर्शक झालेल्या देहातून खालचा चुना दिसू लागतो. यालाच प्रवाळांचे विरंजन किंवा ब्लीचिंग म्हणतात. विरंजन म्हणजे मृत्यू नव्हे, आणि माझ्या विनंतीचा सगळा आधार याच गोष्टीवर आहे. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येते आणि रंगही परत येतो. निवले नाही तर जीव उपासमारीने मरतो, सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ माजते आणि काही वर्षांत त्याचा भुगा होतो. आमच्या गटाने ज्याला संगमरवर म्हटले ती अन्नावाचून तग धरून असलेली जिवंत कातडी होती. साठवलेल्या चरबीवर दिवस काढणाऱ्या त्या जिवाला जखम भरून काढायला शक्ती नसते. एरवी जी ओरबाड काही आठवड्यांत भरून येते, ती अशा वेळी शेवाळाला आणि रोगाला वाट करून देते.

आता एप्रिल-मेच का, ते सांगते. अंदमानच्या समुद्रात वर्षातले सर्वांत गरम पाणी याच दिवसांत असते. सूर्य माथ्यावर, आकाश निरभ्र, वारा पडलेला. त्यामुळे वरचे तापलेले पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. सहलीच्या माहितीपत्रकांत या दिवसांचे वर्णन शांत समुद्र आणि नितळ पाणी असे असते, आणि ते खरेच आहे, पण प्रवाळाच्या जिवावर उठते ते हेच शांत, नितळ पाणी. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मान्सून अंदमानात दाखल झाल्याची बातमी येते तेव्हा घामाघूम झालेले पुणे सुटकेचा श्वास टाकते. त्याच ढगांनी आणि वाऱ्यांनी तिथला समुद्रही ढवळला जातो आणि निवतो. म्हणजे आपल्या मुलांच्या परीक्षा संपल्यापासून ही बातमी येईपर्यंतचे जे पाच-सहा आठवडे, तेच प्रवाळांचे सर्वांत कठीण आठवडे आहेत. हे कोणी मुद्दाम जुळवलेले नाही, परंतु आपले सुट्टीचे वेळापत्रक नेमके तिथे जाऊन बसले आहे.

सगळीच वर्षे सारखी नसतात. अंदमानात १९९८ मध्ये, २०१० च्या एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये मोठे विरंजन झाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर जगभरातले चौथे महाविरंजन चालू असल्याची घोषणा शास्त्रज्ञांना करावी लागली. अशी वर्षे आता जवळजवळ येऊ लागली आहेत, आणि त्याचे कारण आपल्या गावातच अभ्यासले जाते. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेल्या २०२० च्या अहवालात म्हटले आहे की १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी एक अंश सेल्सियसने वाढले, तर त्याच काळात जगातल्या समुद्रांची सरासरी वाढ ०.७ अंश होती. एक अंश हा आकडा लहान वाटतो, परंतु प्रवाळाची सहनशक्ती जिथे संपते तो उंबराही एका अंशाचाच आहे, हे वर सांगितलेच.

यावर मला नेहमी विचारले जाते की समुद्रच तापणार असेल, तर पुण्याहून गेलेल्या चाळीस माणसांनी पाय ठेवला काय नि न ठेवला काय. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर लक्षद्वीपच्या कामातून मिळते, असे मला वाटते. म्हैसूरच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनचे संशोधक १९९८ च्या विरंजनापासून अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या प्रवाळद्वीपांवर वर्षानुवर्षे त्याच त्या जागी उतरून मोजणी करीत आले आहेत. चोवीस वर्षांच्या या नोंदींत जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे निम्म्यावर आलेले दिसते. मात्र त्याच नोंदी असेही सांगतात की दोन विरंजनांमध्ये पुरेशी शांत वर्षे मिळाली तर प्रवाळ पुन्हा उभे राहतात. एकाच जागी चोवीस वर्षे चिकाटीने पाहत राहिल्याशिवाय ही गोष्ट कळली नसती, आणि अशा कामाला जेवढा मान मिळायला हवा तेवढा आपल्याकडे मिळत नाही, हे जाता जाता नोंदवते. सावरण्यासाठी प्रवाळाला हवे असते ते फार नाही. विरंजनातून वाचलेल्या वसाहती शाबूत राहाव्यात, त्यांच्यापासून निघालेल्या अळ्यांना टेकायला शेवाळ आणि गाळ नसलेला कठीण पृष्ठभाग मिळावा, आणि शेवाळ खरडून खाणारे पोपटमासे आसपास असावेत. पाण्याचे तापमान पुण्यातल्या सहल कंपनीच्या हातात नाही. परंतु विरंजनातून वाचलेली वसाहत बुटाखाली मोडू न देणे, पायांनी गाळ न उडवणे, पाव टाकून माशांना त्यांच्या कामावरून न हटवणे, हे पूर्णपणे तिच्या हातात आहे.

त्या समुद्राने आधीच बरेच सोसले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा काही ठिकाणी मीटरभर आणि त्याहूनही अधिक उचलला गेला. प्रवाळांची मैदाने कायमची पाण्याबाहेर येऊन उन्हात मेली, आणि दक्षिणेकडे जमीन खचली. आकुर्डीत ज्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे विभागीय केंद्र आहे, त्याच संस्थेचे पोर्ट ब्लेअरचे, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमचे, केंद्र १९७७ पासून तिथल्या जिवांची नोंद करते आहे. कठीण प्रवाळांच्या चारशेहून अधिक जाती या बेटांभोवती सापडल्या आहेत. भारतात एवढी विविधता दुसरीकडे कुठेही नाही.

यावर कोणी म्हणेल की संरक्षण करायला सरकार आहे, राष्ट्रीय उद्याने आहेत. ती आहेत आणि जिथे आहेत तिथे फरक दिसतो. वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये झाले. त्यात पंधरा बेटे आणि सुमारे २८१ चौरस किलोमीटरचे क्षेत्र येते. तिथल्या जॉली बॉय आणि रेडस्किन या बेटांवर पर्यटकांना आलटून-पालटून सोडले जाते, म्हणजे एका बेटाला विसावा मिळतो. वंडूरच्या धक्क्यावर आमच्या पिशव्या उघडून पाहिल्या गेल्या, वेफर्सची पाकिटे बाहेर काढायला लावली आणि पाण्यासाठी अनामत घेऊन परत करण्याच्या बाटल्या दिल्या. गटातल्या काहींनी कुरकुर केली, पण संध्याकाळी परतताना तीच माणसे बेटावर कागदाचा कपटाही दिसला नाही हे एकमेकांना सांगत होती. नियम कडक असला तर आपली माणसे तो पाळतात. अडचण अशी की सहलींची बहुतेक गर्दी उद्यानांच्या हद्दीबाहेर होते. नॉर्थ बे, स्वराज द्वीपावरचा एलिफंट बीच, शहीद द्वीपाचे उथळ किनारे या ठिकाणी राष्ट्रीय उद्यानाचे नियम लागू नाहीत. रिचीज द्वीपसमूहातल्या शेजारच्या बेटांना १९९६ पासून राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यानाचे कवच आहे. प्रवाळ मात्र अलीकडचे आणि पलीकडचे सारखेच. हद्दीबाहेर शेवटी तुमचा कार्यक्रम हाच नियम असतो, आणि म्हणून हे पत्र सरकारी कचेरीला न लिहिता तुम्हाला लिहिले आहे.

याच अंदमान समुद्राच्या पलीकडच्या काठावर थायलंड आहे, आणि पर्यटनावर त्या देशाचे पोट आपल्यापेक्षा कितीतरी अधिक अवलंबून आहे. २०१० च्या विरंजनानंतर, २०११ च्या जानेवारीत, ऐन हंगामात त्यांनी पाण्यात बुडी मारून प्रवाळ पाहण्याची अठरा लोकप्रिय ठिकाणे बंद केली. २०१६ च्या मे महिन्यातही पुन्हा काही ठिकाणे बंद केली. जगप्रसिद्ध माया बे २०१८ च्या जूनमध्ये बंद झाला तो २०२२ च्या जानेवारीत उघडला, आणि आता दरवर्षी दोन महिने मिटलेला असतो. त्यांचे पर्यटन यामुळे बुडाले नाही.

इशारा कसा कळणार, हा प्रश्न आता उरलेला नाही. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था २०११ पासून उपग्रहांच्या नोंदींवरून प्रवाळ विरंजनाचा इशारा नियमितपणे प्रसिद्ध करते, त्यात अंदमान आणि निकोबार दोन्ही असतात, आणि तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. विमानाच्या वेळा आणि हवामान तुम्ही रोज पाहताच. एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून त्यात ही एक नोंद पाहायची आहे. इशारा असेल तर स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत तरंगणे), सी-वॉक (हवा पुरवणारे शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालणे) आणि उथळ प्रवाळांवरचे स्कूबा त्या सहलीतून काढावे. काचेच्या तळाची बोट पुरेशा खोल पाण्यातून, नांगर न टाकता फिरणार असेल तर तिला माझी हरकत नाही. उलट पांढरे पडलेले प्रवाळ वरून दाखवून ते का पांढरे पडले हे सांगितले, तर त्या अर्ध्या तासात प्रवासी जे शिकेल ते तो विसरणार नाही. मोकळा झालेला वेळ समुद्रिका या नौदलाच्या संग्रहालयात, चाथमच्या जुन्या लाकूड कारखान्यात किंवा चिडिया टापूच्या संध्याकाळी चांगला जातो. त्याऐवजी बाराटांग बेटाची फेरी घालू नका, एवढे सांगते. तिकडचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. तो बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता, आणि ज्या याचिकेवर तो दिला तिच्या मागे आपल्या पुण्याची कल्पवृक्ष ही संस्थाही होती. तो विषय मोठा आहे, आणि इथे त्यात शिरत नाही.

पैशाचा प्रश्न मला टाळायचा नाही. उतरणे रद्द झाले तर प्रवाशाला त्या भागाचे पैसे परत मिळावेत, हे माहितीपत्रकात लिहिलेले असले की वाद होत नाहीत. परंतु तिथला बोटवाला आणि हात धरून पाण्यात नेणारा तो मुलगा यांचा दिवस बुडू नये. त्यांच्या हंगामाच्या कमाईत या महिन्यांचाही वाटा असतो. तुम्ही त्यांच्याशी वर्षाचा करार करता, तेव्हा इशाऱ्याच्या दिवसांचा ठरावीक मोबदला त्यात धरून घ्यावा आणि तो खर्च सहलीच्या दरात मोकळेपणाने मिळवावा. माणशी तो फार येणार नाही, आणि आपला प्रवासी तेवढे द्यायला कुरकुरेल असे मला वाटत नाही. त्या मुलाने बाईंना दगडावर उभे केले ते त्यांचा जीव सांभाळायला. त्याला दुसरा मार्ग कोणी शिकवला नव्हता.

इशारा नसलेल्या महिन्यांतही एक गोष्ट करता येईल, आणि ती पुण्यातच करता येईल. सहल निघण्याआधी तुम्ही प्रवाशांची बैठक घेता. तशीच एखाद्या रविवारी सकाळी जलतरण तलावावर तासाभराची शिकवणी ठेवा. टिळक टँकसारख्या तलावात कमरेइतक्या पाण्यात नळीने श्वास घ्यायची, चष्म्यातले पाणी काढायची आणि पाय न टेकता तरंगायची सवय झालेला माणूस समुद्रात घाबरत नाही, म्हणून कशावर उभाही राहत नाही. ज्यांना त्या तासातही जमणार नाही त्यांनी बोटीतून पाहावे. सनस्क्रीनबद्दल मी अवास्तव बोलणार नाही. त्यातली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळांच्या अळ्यांना घातक ठरतात हे प्रयोगशाळेत दिसले आहे, पण उघड्या समुद्रात त्यांचा परिणाम किती होतो यावर मतभेद आहेत. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला की तो प्रश्नच उरत नाही. शंख-शिंपले आणि किनाऱ्यावर पडलेले प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नयेत, हेही त्याच बैठकीत सांगावे. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, मेलेला तुकडाही नेता येत नाही, आणि परतीच्या विमानतळावर पिशवी उघडली गेल्यावर आजी-आजोबांची होणारी तारांबळ मी पाहिली आहे.

अशा बैठकीला यायला मी तयार आहे. मला मानधन नको. वीस मिनिटे आणि चित्रे दाखवायला एक पडदा पुरेल, आणि माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी तलावावर मदतीला उभे राहायचे कबूल केले आहे. पुढच्या उन्हाळ्याची माहितीपत्रके छापखान्यात जाण्याआधी, म्हणजे डिसेंबर संपण्याच्या आत, तुमच्यापैकी दोघा-चौघांनी जरी इशाऱ्याची अट त्यांत घालण्याचे ठरवले, तर तिचा मसुदा मी लिहून देईन. तुमच्या वकिलांना दाखवून तो तुम्ही पक्का करावा.

कळावे,

आपली नम्र,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
कोथरूड, पुणे